भरलेला फोन आणि रिकामें कार्ड

आषाढ लागला कीं लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाची झड बसते, आणि पावसामागोमाग पुण्यामुंबईकडील मंडळींची रीघ लागते. भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारें पाणी, धुक्यांत हरवलेली कार्ल्याच्या लेण्याची वाट, लोहगडाच्या विंचूकांट्यावरून दिसणारा पवनेचा जलाशय, हें सारें टिपून घेण्यासाठीं जो तो खिशांतून फोन बाहेर काढतो. नेमक्या अशा वेळीं पुष्कळांच्या फोनवर एक रुक्ष सूचना उमटते : जागा शिल्लक नाहीं. मग भर पावसांत, कोठें तरी आडोशाला उभें राहून, घाईघाईनें कांहीं तरी पुसलें जातें. आणि काय पुसलें गेलें याचा उलगडा घरीं परतल्यावर होतो.

यांत अधिक बुचकळ्यांत टाकणारी गोष्ट अशी कीं, अशा अँड्रॉइड फोनांत पुष्कळदां ६४ गिगाबाइटांचें मेमरी कार्ड बसविलेलें असतें आणि त्याचा मोठा भाग रिकामाच असतो. कार्ड रिकामें, तरी फोन भरलेला! पैसे देऊन जागा विकत घेतली, ती गेली कोठें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. या कोड्याचा उलगडा करून घेणें कठीण नाहीं. आणि तो एकदां झाला म्हणजे फोन मोकळा कसा करावा हें कोणाच्या मदतीवांचून घरच्या घरीं उमगतें.

हा विषय केवळ यंत्राच्या सोयीचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या आजोबांच्या काळीं घराची आठवण ट्रंकेंत, पत्रांच्या गठ्ठ्यांत आणि भिंतीवरच्या तसबिरींत असे. आज नातवाचें पहिलें पाऊल, आजीच्या तोंडची ओवी, घराच्या कागदपत्रांचीं चित्रें हें सारें त्या हाताएवढ्या पेटींत असतें. म्हणून तिच्यांतील अडगळ काढणें हें एका अर्थीं घरचें दप्तर आवरणेंच होय, आणि तें दप्तराइतक्याच काळजीनें आवरावयास हवें.

दोन कोठारें

अँड्रॉइड फोनाला जागा दोन प्रकारची असते. एक त्याच्या अंगांतच असलेली, म्हणजे अंतर्गत सांठवण; आणि दुसरी बाहेरून बसविलेल्या कार्डाची. पहिली स्वयंपाकघरांतील फडताळासारखी आहे. रोजचें तिखटमीठ, पीठ, डाळ तेथेंच असावें लागतें, कारण हात घालतांच तें मिळालें पाहिजे. दुसरी घराच्या माळ्यासारखी. तेथें जागा ऐसपैस, परंतु रोजचा स्वयंपाक माळ्यावर होत नाहीं. फोन चालविणारी मूळ यंत्रणा, निरनिराळीं ॲपें आणि त्यांचें नित्याचें सामान हें फडताळांतच राहतें. माळा कितीहि मोकळा असला तरी फडताळ भरलें म्हणजे गृहिणीचा हात अडतोच. तीच गत फोनाची होते.

लोणावळ्यास दुसराहि एक दाखला डोळ्यांसमोर आहे. वळवण, लोणावळा इत्यादि टाटांच्या तलावांचें पाणी कालव्यांनीं एकत्र आणून घाटाखालीं खोपोलीच्या वीजगृहाकडे सोडलेलें आहे. सन १९१५ पासून तेथें वीज निर्माण होत आली आहे. तलाव एकमेकांस जोडलेले आहेत म्हणूनच एकाचें पाणी दुसऱ्याच्या कामीं येतें. फोन आणि कार्ड यांच्यामध्यें असा कालवा आपोआप वाहत नाहीं. तो आपण खणावा लागतो, म्हणजे कोणती वस्तु कार्डावर जावी हें फोनास स्पष्ट सांगावें लागतें.

अशी दुहेरी रचना कां झाली, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. सन २००८ मध्यें बाजारांत आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनांतहि, म्हणजे एचटीसी ड्रीममध्यें, कार्डासाठीं खांच होती. अंगची जागा महाग आणि कार्ड स्वस्त, हें त्यामागचें गणित होतें. आपल्या देशांत तें विशेष लागू पडलें. सप्टेंबर २०१४ मध्यें अँड्रॉइड वन या नांवानें जे स्वस्त फोन भारतांत प्रथम विक्रीस आले, त्यांची किंमत ६,३९९ रुपयांपासून होती आणि अंगची जागा अवघी ४ गिगाबाइट! त्यांतूनहि यंत्रणेचा वांटा वजा जाता हातीं काय उरणार? कार्डावांचून असा फोन चालविणें जवळजवळ अशक्यच होतें. पुढें अंगची जागा वाढत गेली, आणि अनेक महागड्या फोनांतून कार्डाची खांच नाहींशी झाली. परंतु कमी किंमतीच्या कित्येक फोनांत ती अजून आहे, आणि घरांतील वडील मंडळींच्या हातीं बहुधा असेच फोन असतात.

जागा खातें कोण?

सर्वांत आधीं यंत्रणा आपला वांटा घेते; त्याला इलाज नाहीं. त्यानंतर ॲपें. एखादें ॲप घेतलें तेव्हां लहान असतें, पण वापरतां वापरतां तें आपल्याजवळ पुष्कळ तात्पुरतें सामान जमा करतें. यालाच कॅशे असें नांव आहे. एकदां पाहिलेलीं चित्रें पुन्हां मागवावीं लागूं नयेत म्हणून केलेली ही तरतूद असून ती पुसल्यानें कोणतीहि हानि होत नाहीं.

तिसरा आणि आपल्याकडे बहुधा सर्वांत मोठा भक्षक म्हणजे व्हॉट्सअॅपवरून येणारीं चित्रें आणि चित्रफिती. सूर्योदय, गुलाबपुष्पें आणि सुविचार यांनीं नटलेल्या शुभप्रभातीच्या चित्रांची ख्याति आतां सातासमुद्रापलीकडे पोहोंचली आहे. जानेवारी २०१८ मध्यें ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकन दैनिकानें असें वृत्त दिलें कीं, भारतांतील फोन भरून कां अडतात याचा शोध घेतांना गूगलच्या संशोधकांना हीच चित्रें एक मोठें कारण म्हणून आढळलीं. वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या पाहणीचा हवालाहि त्या वृत्तांत होता : भारतांत तिघांपैकीं एका फोनधारकाची जागा रोज संपते, तर अमेरिकेंत दहांपैकीं एकाची. गूगलनें डिसेंबर २०१७ मध्यें काढलेल्या फाइल्स गो या ॲपांत अशीं चित्रें हुडकून काढण्याची सोय मुद्दाम करण्यांत आली. तेंच ॲप आज फाइल्स या नांवानें अनेक फोनांत आयतें मिळतें.

ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, व्हॉट्सअॅप आपला सर्व सांठा फोनाच्या अंगांतच ठेवतें. तो कार्डावर ठेवण्याची मुभा तें देत नाहीं. म्हणून कार्ड कितीहि मोठें घेतलें तरी या बाजूनें येणारा पूर त्यानें थांबत नाहीं.

चौथें कारण पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पुसलेलें चित्र तत्काळ जात नाहीं; तें केराच्या टोपलींत पडून राहतें, आणि टोपली रिकामी होईपर्यंत जागा अडवितें. बहुतेक फोनांत ही मुदत तीस दिवसांची असते. शेंकडों चित्रें पुसूनहि जागा वाढली नाहीं अशी तक्रार ऐकूं येते, तिचें मूळ बहुधा येथें असतें.

हिशेब आणि आवराआवर

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. समजा, तळेगांवीं राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन ३२ गिगाबाइटांचा आहे आणि त्यांत ६४ गिगाबाइटांचें कार्ड आहे. प्रथम त्यांनीं फोनाच्या सेटिंग्जमध्यें जाऊन स्टोरेज या सदराखालीं खर्चाचा ताळेबंद पाहावा. तो असा निघाला असें धरूं : यंत्रणा ११, ॲपें ६, व्हॉट्सअॅप ८, स्वतः काढलेलीं छायाचित्रें व चित्रफिती ५, केराची टोपली १. एकूण ३१, शिल्लक १.

पहिला हात व्हॉट्सअॅपला घालावा. त्याच्या सेटिंग्जमध्यें स्टोरेज आणि डेटा या सदरांत सांठा आवरण्याची सोय आहे. पांच मेगाबाइटांहून मोठ्या वस्तु आणि अनेकदां पुढें धाडले गेलेले संदेश तेथें वेगळे काढून दाखविलेले असतात. पुसण्यापूर्वीं एकवार नजर मात्र टाकावी, कारण येथून पुसलेली वस्तु टोपलींत जात नाहीं आणि ती पुन्हां मिळेलच असा भरंवसा नसतो. लग्नाच्या गटावर आलेलीं घरचीं छायाचित्रें असतील तर तीं आधीं बाजूस काढावीं. अशा रीतीनें ८ चे ३ राहिले, म्हणजे ५ गिगाबाइट मोकळे झाले. त्याच ठिकाणीं चित्रें आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करून टाकावी. नाहीं तर महिन्याभरांत पहिले पाढे पंचावन्न!

दुसरें काम कॅशे साफ करण्याचें. येथें दोन कळा शेजारीं शेजारीं असतात आणि त्यांतील भेद ओळखणें अत्यंत अगत्याचें आहे. कॅशे साफ करा ही कळ निरुपद्रवी आहे. दुसरी, म्हणजे डेटा किंवा स्टोरेज साफ करा ही, त्या ॲपाचा सारा संसार उधळून लावते. जपून ठेवलेल्या नोंदी, उतरवून घेतलेलीं पुस्तकें, कांहीं ठिकाणीं खातेंसुद्धां पुन्हां नव्यानें उघडावें लागतें. पहिली कळ दाबावी, दुसरीच्या वाटेस जाऊं नये. यांत १ गिगाबाइट सुटला.

तिसरें काम छायाचित्रें कार्डावर हलविण्याचें. येथें उतावीळ नको. आधीं प्रत कार्डावर उतरवावी. कार्डावरील चारदोन चित्रें आणि एकदोन चित्रफिती उघडून पाहाव्या. आणि त्या नीट उघडतात अशी खात्री झाल्यावरच फोनांतील मूळ पुसावें. एकदम हलवितांना मध्येंच फोन बंद पडला किंवा कार्ड निसटलें तर ना घर का ना घाट का अशी अवस्था होते. ५ पैकीं ४ गिगाबाइट असे कार्डावर गेले. यापुढें नवीं छायाचित्रें थेट कार्डावर जावीं म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्यें सांठवणीची जागा कार्ड अशी नेमावी. ही सोय कार्डाची खांच असलेल्या बहुतेक फोनांत असते. गाणीं, कीर्तनें, वाचावयाचीं पुस्तकें यांनाहि कार्ड हीच योग्य जागा.

शेवटीं, आणि शेवटींच, केराची टोपली रिकामी करावी. पुसलेलें सर्व तेथें आहे तोंवर चूक सुधारतां येते. टोपली गेली कीं दोर कापले. तिच्यांत पूर्वींचा १ गिगाबाइट होता, तोहि सुटला.

आतां बेरीज करा. एकूण ११ गिगाबाइट मोकळे झाले आणि शिल्लक १ ची १२ झाली. त्यांत कार्डाचा वांटा केवळ ४ चा. उरलेले ७ निवडानिवडीनें मिळाले. कार्ड विकत घेण्यापूर्वीं ही आवराआवर करून पाहावी असें म्हणतों, तें एवढ्यासाठींच.

फोन कांठोकांठ भरूं न देण्यास आणखीहि एक कारण आहे. फोन काय आणि कार्ड काय, दोहोंतहि माहिती फ्लॅश नांवाच्या स्मरणसाधनांत राहते. हें साधन जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं सन १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढलें. त्याचा एक विचित्र स्वभाव आहे : लिहितांना ओळ ओळ लिहितां येते, पण पुसतांना सबंध पाटीच पुसावी लागते. म्हणून एक ओळ बदलावयाची तर उरलेल्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून मग पहिली पुसावी लागते. कोऱ्या पाट्या शिल्लक असल्या तर हें काम नकळत होतें. नसल्या तर प्रत्येक अक्षरासाठीं धांवपळ होते आणि फोन मंदावतो. निदान दशांश जागा, साधल्यास पंचमांश, सदैव मोकळी ठेवावी हें बरें.

कार्ड घरांत घ्यावें कीं पाहुणें ठेवावें?

सन २०१५ मध्यें आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कांहीं फोनांत कार्ड घालतांच एक प्रश्न विचारला जातो : हें कार्ड पोर्टेबल म्हणून वापरावयाचें, कीं फोनाच्या अंतर्गत जागेंत मिळवून टाकावयाचें? दुसऱ्या पर्यायाचा मोह पडतो, कारण मग ॲपेंहि कार्डावर राहूं शकतात आणि फडताळ व माळा एकच झाल्यासारखें वाटतें. परंतु त्याची किंमत नीट समजून घ्यावी. असें करतांना कार्डावरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें. नंतर त्यावर जें लिहिलें जातें तें कुलुपबंद असतें, आणि त्या कुलुपाची किल्ली केवळ त्याच फोनाजवळ राहते. तो फोन पवनेच्या पाण्यांत पडला किंवा कायमचा बंद झाला, तर कार्ड धडधाकट असूनहि दुसऱ्या कोणत्याहि यंत्रास तें वाचतां येत नाहीं. शिवाय साधें कार्ड फोनाच्या अंगच्या सांठ्यापेक्षां पुष्कळ मंद असतें, त्यामुळें ॲपें रखडतात. ज्यांच्या कार्डावर घरचीं छायाचित्रें राहावयाचीं आहेत त्यांनीं पोर्टेबल हाच पर्याय घ्यावा. असें कार्ड काढून संगणकास किंवा दुसऱ्या फोनास जोडलें कीं चित्रें दिसतात.

कार्ड घेतांना पावती देणाऱ्या दुकानांतूनच घ्यावें. नांव एक आणि माल दुसरा अशीं बनावट कार्डें बाजारांत असतात. त्यांतील लबाडी अशी कीं, अंगावर १२८ गिगाबाइट छापलेलें असतें, फोनालाहि तें तेवढेंच दिसतें, पण खरी जागा त्याच्या लहानशा अंशाएवढी असते. ती भरली कीं पुढचें लिखाण हवेंत जातें किंवा आधींच्यावरच गिरविलें जातें. अशी लबाडी महिन्यांनंतर उघडकीस येते. नवें कार्ड आणल्यावर तें संगणकाच्या मदतीनें एकदां पूर्ण भरून, परत वाचून पाहावें हा त्यावर उपाय. आपला फोन किती मोठें कार्ड स्वीकारतो तेंहि आधीं पाहावें. मात्र ६४ चें कार्ड कोठें कोठें ५९ च्या आसपास दिसतें, ती लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटींत मोजतो आणि कांहीं यंत्रें १०२४ च्या पटींत मोजतात, एवढाच तो फरक.

मावळांतल्या पावसाळ्याविषयीं वेगळें सांगावयास नको. भिंतींना ओल येते, कपाटांतील पुस्तकांना बुरशी चढते. मग नखाएवढ्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल बसली तर नवल काय? कार्ड वारंवार काढूं नये. काढावयाचें झाल्यास सेटिंग्जमधून आधीं त्यास निरोप द्यावा, हात कोरडे असावे, आणि सुटें कार्ड झांकणाच्या कोरड्या डबींत ठेवावें.

दुसरी प्रत

इतकी काळजी घेतली तरी कार्ड हा कायमचा ठेवा नव्हे, हें विसरतां कामा नये. कार्ल्याच्या चैत्यगृहांत दात्यांनीं कोरविलेलीं अक्षरें सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि वाचतां येतात. फ्लॅशमधील अक्षर म्हणजे कोंडून ठेवलेला विजेचा कण. तो कालांतरानें झिरपतो, लिहिण्यापुसण्यानें साधन झिजतें, आणि कार्ड मरतें तें बहुधा पूर्वसूचना न देतां. फोनांतील छायाचित्रें कार्डावर हलविलीं म्हणजे जागा झाली हें खरें. पण प्रत एकच होती ती एकच राहिली, आणि तीहि अधिक नाजूक ठिकाणीं गेली.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावणारी इंद्रायणी मावळांतून वाहत देहूस जाते. त्या देहूच्या डोहांत तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? वह्या तेराव्या दिवशीं तरून वर आल्या असें वारकरी परंपरा सांगते. त्याच परंपरेंत दुसरेंहि एक नांव आदरानें घेतलें जातें, तें तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे यांचें; त्यांची समाधि मावळ तालुक्यांतच सुदुंबरे येथें आहे. अभंग त्यांनीं आपल्या हातानें लिहून ठेवले होते, आणि त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं पुढें गाथा छापून प्रसिद्ध केली. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्या ठायीं. पण संसारी माणसानें यांतून घ्यावयाचें तें हें कीं, जें अमोल आहे त्याची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरीं असावी.

आजच्या काळीं ही दुसरी प्रत गूगल फोटोजसारख्या ठिकाणीं ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो चांगला आहे. परंतु तेथील फुकट जागेस १ जून २०२१ पासून मर्यादा पडली असून टपाल, कागदपत्रें व चित्रें मिळून १५ गिगाबाइट एवढीच ती आहे. शिवाय एक फसगत सांभाळावी. त्या ॲपांत ‘जागा मोकळी करा’ ही कळ दाबली तर फोनांतील प्रत जाते आणि दूरची राहते; पण तेथेंच साधें पुसलें तर दोन्हीकडील प्रत जाते. ज्या खोऱ्यांत फोनाला रेंज धड मिळत नाहीं तेथील मंडळींनीं वर्षांतून दोनदां तरी कार्डावरील चित्रें घरच्या संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवावीं, आणि एक प्रत पुण्यास अगर मुंबईस असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. निवडक पांचपंचवीस छायाचित्रें कागदावर छापून घेतलीं तर अधिकच उत्तम. त्यांना ना कार्ड लागत, ना किल्ली.

महिन्याअखेर घरखर्चाचा मेळ घालावयास बसतां, त्याच बैठकींत अर्धा तास फोनासाठीं काढावा. सुविचार पुष्कळ येतील आणि जातील. ते वाचावे आणि पुसावे. आजीचा आवाज मात्र एकच आहे. तो तीन ठिकाणीं असूं द्यावा.